अंड्याचा बलक

सून ऑम्लेटसाठी अंडं फोडते, तेव्हा त्या कच्च्या वासासरशी मला अकोल्यातलं गुरांच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र आठवतं. छप्पन्न सालचं धर्मांतर होऊन दोनेक वर्षं झाली होती. वळूचं वीर्य टिकावं म्हणून आम्ही त्यात अंड्याचा बलक मिसळत असू. अंडी फोडायला नुकताच बौद्ध झालेला एक शिपाई होता. मी तिथला प्रयोगशाळेचा मदतनीस, भिक्षुकाच्या घरचा, अंड्याला शिवत नसे. त्या उन्हाळ्यात गायी गाभण राहीनात आणि संशय त्याच्यावर गेला, की हा बलक स्वतः खातो नि पाणी मिसळतो. मीही दाराआडून पाळत ठेवली. त्यानं नुसतं तोंड पुसलं तरी मला तो पुरावा वाटे. "गाई रायल्या रिकाम्या, अन् तुयं पोट पाह्य कसं सुटलं!" गुरांची मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरनं सगळ्यांदेखत टोमणा मारला. शिपाई केंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडे वळून म्हणाला, "सायेब, माह्या घरी धा कोंबड्या हायेत. सरकारी अंडं काहून खाऊ?" साहेबांनी त्याला काढून टाकलं. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली सगळे शुक्रजंतू मेलेलेच दिसत. मग एका सकाळी वीर्याच्या नळीला कार्बोलिक साबणाचा वास आला आणि मला उमगलं, नळीत राहिलेला साबणच शुक्रजंतू मारत होता. मला बलकाची किळस वाटायची म्हणून आधी त्यानं आणि तो गेल्यावर नव्या शिपायानं धुतलेल्या नळ्या मीच रोज संध्याकाळी चोरून त्या साबणानं पुन्हा धूत होतो. मी ते मुकाट्यानं थांबवलं, तशा गायी गाभण राहू लागल्या. "बघा, चोर गेला अन् काम सुरू झालं," साहेब म्हणाले, आणि मी मान डोलावली. त्याची मुलं कुठे असतील, तर त्यांना आज सांगतो: तुमचे वडील खरं बोलत होते, आणि ते मला ठाऊक होतं.