आत्ता वाचणारे: एक

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आई, म्हणजे सासूबाई, माझ्या अनूला भरवत होत्या, आणि माझा नवरा विजय नुसता "काय? कधी? कुठं नेलंय?" एवढंच ओरडत होता — आणि लाटणं हातात असतानाच मला कळलं, झालं. माझ्यामुळं झालं. सीमाताईंना, माझ्या नणंदेला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. तिकडं पुसदजवळ, त्यांच्या सासरी. सासरच्यांनी "होतं असं, थांब जरा" करत उशीर केला, आणि आता जीपमध्ये घालून दवाखान्यात नेत होते. विजय म्हणला, "आई, ऊठ, पिशवी भर, ट्रॅव्हल्स मिळते का बघतो." आई उठल्या नाहीत. त्यांनी आधी गॅलरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग म्हणल्या, "तू जाय विजय. माह्यानं नाही होत बसमधी बसनं. माहे गुडघे."

"तुझी पोरगी आहे ती!" विजय एवढा ओरडला की अनू रडायला लागली.

गुडघ्यांना काही झालेलं नाही. मंडईतून दोन पिशव्या घेऊन त्या तीन जिने चढतात, वर माझ्याआधी पोचतात. त्या का गेल्या नाहीत ते मला माहीत होतं, आणि मी पोळी लाटत राहिले. हे विजयला माहीत नाही, माझ्या बहिणीला नाही, देवापुढं पण मी हे अर्धवटच बोललेय. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय. का तुम्हाला? कारण तुमच्याशी पण खोटं बोललेय मी. येते त्याच्यावर. सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर परत मधेच सटकेन.

हा ब्लॉग मी अनू सहा महिन्यांची असताना काढला. माझं शिक्षण अकरावी. बारावीला बसलेच नाही, लग्न झालं. फोनवर बोलून टाइप करते, मग चुका काढते, त्यातल्या अर्ध्या राहतात, तुम्ही बघताच. आधी नाचणीचं सत्त्व, दात येतानाचे हाल, असलं लिहायचे. मग हळूहळू दुसरं पण. की दिवसभर माझ्याशी कुणी माझ्याबद्दल बोलत नाही. की सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांच्यापुढं "कंटाळा आला" म्हणायची सोय नाही. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं — इथं तुम्हाला कुणी बघत नाही, मोकळ्यानं वाचा. आठवतंय ना?

मी बघत होते.

आता काय करू, राहवेना मला! लिहायचं, लिहायचं, आणि कुणी वाचतंय का नाही तेच कळेना. मग एक हिंदी व्हिडिओ सापडला, वेबसाइटवर कोण येतं ते बघायचं कसं. खातं काढायचं, ते एक कोड देतात, तो ब्लॉगच्या आत वरच्या बाजूला चिकटवायचा. मी चुकीच्या जागी चिकटवला. सगळा ब्लॉग पांढराफटक, एक अक्षर दिसेना. रडले. काढला, परत लावला, अनू कडेवर, एका हातानं. शेवटी लागला. आणि ते पान उघडलं, आत्ता किती जण वाचतायत ते दाखवणारं, आणि आकडा आला — एक. मी अनूला घेऊन स्वयंपाकघरात गोल फिरले हो! मग कळलं, तो एक म्हणजे मीच. माझाच फोन.

हसा. मी पण हसले. मग स्वतःला त्यातून वगळायचं कसं ते पण शिकले, आणि खरी माणसं दिसायला लागली. तुम्ही. कुणी सांगलीची, कुणी नाशिकची, एक तर दुबईची. नाव नाही कळत. पण कुठलं शहर, कसला फोन, कुठलं पान, त्याच्यावर किती वेळ — हे सगळं कळतं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. चांगलं वाटलं. कुणीतरी होतं.

आणि एक होती पुण्याची. रोज दुपारी यायची. एकेका पानावर इतका वेळ, की मला वाटायचं ही फोन उघडा टाकून झोपते की काय. फोनचं मॉडेल बघितलं तर इतकं जुनं की दुकानात पण मिळत नाही आता. आमच्या घरात तसा एक होता — विजयचा जुना, आईंना दिलेला.

म्हणलं असेल दुसरी कुणी. पुणे काय एवढंसं आहे? पण मग आई भाच्याच्या लग्नाला गावाकडं गेल्या आणि ती पुण्याची बाई गायब. आणि तोच फोन, तितकंच हळू वाचणारी, नागपूरची म्हणून एक उगवली. गावांची नावं नीट येत नाहीत त्यात, मोबाइलचं नेट असलं की कुठलंतरी मोठं शहर दाखवतं. लग्न उरकून आई घरी आल्या. नागपूर बंद, पुणे सुरू.

मग आठवलं — ब्लॉग दुसऱ्या फोनवर कसा दिसतो ते बघायला मी एकदा त्यांचाच फोन घेतला होता, आणि पान तसंच उघडं ठेवून दिला. त्यांना ते बंद करता येत नाही. चौथी शिकलेल्या आहेत, ओळीखाली बोट धरून वाचतात. म्हणजे मी त्यांच्याबद्दल लिहिलेलं एकूण एक, त्या बोट धरून, हळूहळू, वाचत होत्या. आणि मला एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता इथं चांगली बाई काय करते? कोड काढून टाकते. नाहीतर सरळ जाऊन म्हणते, आई, तुम्ही वाचता ना? मी दोन्ही केलं नाही. मी त्यांच्यासाठी लिहायला लागले.

पहिल्यांदा गवार. लिहिलं, की गवारीच्या वासानं मला मळमळतं पण घरात बोलता येत नाही. आठवडाभर गवार दिसली नाही घरात. मग लिहिलं, की सकाळी कुणी अर्धा तास बाळ घेतलं तर केस धुता येतील. दुसऱ्या दिवशी आई दारात उभ्या — "आण लेकराले इकडं. जाय, डोक्शावरून पाणी घे, काय अवतार करून राह्यली! हडळ बी पळून जाईन तुले पाहून." मी न्हाणीत बसून हसत होते. मागून मिळत नव्हतं ते लिहून मिळत होतं. रिमोटच सापडला म्हणा ना. लाज? आत्ता विचारताय म्हणून सांगते, तेव्हा तरी नाही वाटली.

मग सीमाताईंना दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडं, विश्रांतवाडीच्या या दोन खोल्यांत. आईंनी लगेच डिंक आणला, जुनी लुगडी काढून मऊ दुपटी शिवायला घेतली, रोज फोनवर "हे खाय, ते नको खाऊ, ओझं उचलू नको वं माय." मला आई नाही. अनूच्या वेळी माझं बाळंतपण याच बाईनं केलं. तेल लावलं, शेक दिला, रात्री मी झोपावं म्हणून अनूला घेऊन बसायच्या. तेव्हा कधी चुकून त्या मला "बाई" म्हणायच्या, सीमाताईंना म्हणतात तसं. आणि आता खरी बाई येणार होती. मला भीती वाटली. दोन बाळांच्या कामाची, आणि त्याच्यापेक्षा जास्त ती दुसरी भीती, की मी परत नुसती सून होणार. कारण सांगतेय. ते माझ्या बाजूनं धरू नका.

मी एक पोस्ट लिहिली. तुमच्यातल्या काहींनी वाचली असेल, नंतर मी ती काढली. लिहिलं, की हल्ली बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहिले की मनात नको ते येतं. की घरात अजून कुणी राहायला आलं तर माझं काही खरं नाही. की घरात एक माणूस आहे, ते जवळ असलं की मी ठीक असते.

खोटं होतं. सगळं. थोडं तरी खरं होतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही का? पण नव्हतं. गॅलरीत मी कपडे वाळत घालायचे आणि अनूला बस दाखवायचे, बाकी काही नाही.

दुपारी पोस्ट टाकली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसले, फोन मांडीवर. आई बाहेरच्या खोलीत. मधे फक्त पडदा. आकडा आला — एक. पुणे. तो हलेना. बाहेर पंख्याचा आवाज, बाकी काही नाही, आणि माझ्या मांडीवर तो एक. मी मनात म्हणत होते, वाचा, आई, नीट वाचा. मग शून्य झालं. पडदा सरला. आईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. आलं किसायला घेतलं आणि म्हणल्या, "चहा घेतं का वं?"

त्या पोस्टखाली दोघींनी लिहिलं होतं, "मला पण असं होतं." दोघी अनोळखी. त्यांचं खरं असणार. मी त्यांना उत्तर दिलं नाही, मला त्या नकोच होत्या, मला एकच पाहिजे होती. पोस्ट काढली तेव्हा त्यांचं लिहिलेलं पण गेलं. त्या दोघी आत्ता हे वाचत असतील तर — मी तुम्हाला बघितलं होतं. बघून सोडलं.

दुसऱ्या दिवशी आईंनी जाळीवाल्याला बोलावलं. गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी. विजय म्हणला, "हे कशाला आता?" तर म्हणल्या, "कबुतरं लय झाली." आमच्या गॅलरीत कबुतर कधी बसत नाही, समोरच्यांच्या एसीवर बसतात सगळी. त्या दिवसापासून आईंचं अंथरूण गॅलरीच्या दाराला लागून.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी सीमाताईंना फोन केला. मी शेजारीच लसूण सोलत होते. "बाई, तू तिकडंच राह्य. इथं जागा नाही. माहे गुडघे बी साथ देत नाही आता." फोनमधून सीमाताईंचा आवाज मला ऐकू येत होता — "पहिलं बाळंतपण माहेरीच होत असते ना आई? लोकं काय म्हणतीन?" आई म्हणल्या, "म्हणू दे लोकाइले." ठेवला फोन. शिवलेली दुपटी घडी करून कपाटात वरती सारली.

तुम्ही काय केलं असतं, असं मी इथं लिहिणार होते. लिहिलं पण होतं. खोडलं. तुमचा काय संबंध? मी केलं.

आणि मग तो फोन आला, जो मी सुरुवातीला सांगितला. एक वाक्य लागलं असतं मला. आई, जा, मी ते खोटं लिहिलं होतं. बस एवढंच. विजय पिशवी भरत होता, आई अनूच्या तोंडाला लागलेला भात पुसत होत्या. त्यांची मुलगी जीपमध्ये होती आणि त्या माझ्यावर पहारा देत बसल्या होत्या. मी तव्यावरची पोळी उलटली.

बाळ वाचलं. बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं, मग घरी आलं, आता चांगलं गुटगुटीत आहे, मुलगा. म्हणून मला सुटका नाही, तशी मागत पण नाहीये. सीमाताई आईंशी बोलत नाहीत. भावाला व्हिडिओ कॉल करतात. विजय फोन धरून बसतो, आणि आई त्याच्या मागं, बाजूला, आपण दिसणार नाही अशा बेतानं उभ्या राहतात आणि नातवाला बघतात. विजय म्हणतो, "आई, ये ना पुढं." त्या म्हणतात, "राहू दे, मले पाह्यलं तं सीमा बंद करून टाकीन फोन." विजयला अजून वाटतं आपली आई दगड आहे. गुडघ्यांवरून टोमणे मारतो. त्या ऐकून घेतात. माझं नाव त्यांनी एकदा पण मधे आणलं नाही.

आणि मी कोड ठेवला होता. तेवढं सगळं झाल्यावर पण. रोज दुपारी बघायचे, एक, पुणे. त्या अजून वाचत होत्या, मी बरी आहे ना ते बघायला. मी पण लिहायचे, बरी आहे, बरी आहे. तोंडानं कधी बोललो नाही आम्ही.

आता शिव्या द्यायच्या त्यांनी द्या. वाईट सून म्हणा, वाईट बाई म्हणा, पान बंद करा. मला दिसणार नाही. सकाळी मी तो कोड काढलाय. काढताना परत ब्लॉग पांढरा होईल अशी भीती होती, झाला नाही. ते खातं पण बंद केलं. आता तुम्ही कोण, कुठून, किती वेळ, मला काही कळायचं नाही.

दुपार झालीय. आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडून उठल्या, हात धुतले, फोन चार्जिंगवरून काढून खुर्चीत बसल्या. मी पडद्याच्या अलीकडं, पिठाच्या डब्यावर. यात आई आहेत, सीमाताई आहेत, गॅलरी आहे. काही बदललेलं नाही. पोस्ट टाकतेय.