तांदळावर लिहिलेलं नाव

हैदराबादेत, कोठीतल्या टॅटूच्या दुकानात माझा नंबर यायचा होता. माझा पहिलाच टॅटू, आणि मी अजून मोबाईलवर नक्षीच चाळत होते. शेजारच्या साठीतल्या बाई मात्र पक्कं ठरवून आल्या होत्या. पायाशी बेगम बाजारातल्या मसाल्यांची पिशवी होती.

"तुम्ही काय काढणार, मावशी?"

"माझं नाव. माहेरचं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरंच लिहिलं. मला कोण विचारतंय? तेव्हापासून त्याच नावाला हौ म्हणत आले. आता बस."

खुर्चीत बसून त्यांनी बांगड्या वर सारल्या. सुई चालू झाली तरी मनगटावरची नजर हलेना. उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तशा त्या एकेका अक्षराकडं बघत होत्या.

"अम्मा, खपली आएगी. नोचना नक्को, धूप बी नक्को," टॅटूवाल्यानं हाताला प्लास्टिक गुंडाळत बजावलं.

"खपली गिरी तो नाम जाता क्या?"

"जिंदगीभर नहीं जाता, अम्मा."

त्या माझ्याकडं वळल्या. "तांदळाचं काय, ताट हलवलं की झालं."

"घरचे काय म्हणतील?"

"म्हणू देत. पण ह्या नावानं. दुसऱ्या नावाला मी ओ देणार नाही."

त्या तरातरा पायऱ्या उतरल्या. पिशवी खुर्चीपाशीच राहिली. मी ती घेऊन मागं धावले. "मावशी, मावशी!" त्या थांबेनात. मग मनगटावर वाचलेलं नाव घेऊन हाक मारली.

भर बाजारात त्या गर्रकन वळल्या आणि प्लास्टिक गुंडाळलेला हात उंच करून म्हणाल्या, "ओ!"