तिसरी फेरी

भाचा गेल्याचा निरोप शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. जयवंत, माझ्या धाकट्या बहिणीचा पोरगा, पेठ वडगावचा. कळंब्याला मित्राकडं गेलता, तिथंच छातीत कळ आली... महिना होत आला, पण माझा पाय घरात ठरत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिणं माझं काम नव्हे. स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहितोय.

कॉलेजापासून तो आमच्या माडीवरच राहायचा. काम कॉम्प्युटरचं. शाळांना लागणारे ढीगभर प्रोग्राम एका संचात बांधायचे. एक बांधायचा तर आधी दुसरा तयार लागतो, दुसऱ्याला तिसरा. कुणाच्या आधी कोण, हे मशीन आपलं आपण लावायचं. पण दोघं एकमेकांवर अडले की मशीन थांबायचं आणि हा जिन्यात येऊन बसायचा. "मामा, रुसल्यात दोघं," म्हणायचा.

थोरल्या मुलीच्या लग्नात माझं तसंच झालं. चुलतभाऊ दादूनं जत्रेच्या जेवणात मला सोडून आधी पावण्यांना रस्सा वाढला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझं म्हणणं, त्यानं आधी घरी यावं, मग बोलावणं देतो. त्याचं म्हणणं, आधी बोलावणं, मग येतो. दादूकाका नसला तर मी मांडवात उभी राहणार नाही, म्हणून पोरगी रुसली. मी हटलो नाही.

"मशीनीत काय करतोस रं अशा येळी?" मी जयवंताला विचारलं.

"एकाला अर्धाकच्चा बांधतो. दुसऱ्याबिगर चालंल तेवढाच. त्याच्या जोरावर दुसरा पुरा बांधतो. मग ते अर्धंकच्चं टाकून पयला पुन्यांदा पुरा बांधायचा. ती तिसरी फेरी."

"म्हंजे मी अर्धाकच्चा?"

"ऱ्हावा की तुमी पुरं. दादूमामास्नी इचारतो, आधी तुमी अर्धंकच्चं हुतायसा का म्हणून."

दादूला माझ्या आधी मान? "थांब," म्हटलं, "मीच जातो."

गेलो. उंबरा ओलांडला नाही, पाणी घेतलं नाही. "पोरीचं लगीन हाय," एवढंच भिंतीकडं बघून बोललो. तेवढ्यावर दादू लग्नाला आला, पंगतीत वाढायला उभा राहिला आणि पहिलं पान माझं वाढलं.

तिसरी फेरी मात्र राहिली. जयवंत अधनंमधनं टोकायचा, "मामा, अजून अर्ध्यावरच चाललंय तुमचं." चाललंय न्हवं, मग झालं, असं मी म्हणायचो. घाई कसली होती, आजही म्हणतो... घाई त्यालाच होती.

परवा उठलो आणि दादूकडं गेलो. उंबरा ओलांडून आत बसलो. त्यानं ताट वाढलं.

"भाच्यानं धाडलं व्हय?"

"व्हय," म्हटलं. मग दोघंही जेवलो.

घरी येऊन माडीवर गेलो. जयवंताची खुर्ची अजून जिन्याकडं तोंड करून आहे. माझं पाऊल वाजलं की तो अशीच फिरवायचा. तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही. उभ्यानंच सांगितलं, झालं बाबा पुरं. खाली यायचं होतं, पण तिथंच खुर्चीभोवती येरझाऱ्या घालत राहिलो...