ओलं आत, कोरडं वरून

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतोच. मुंबईला शिकून जनावरांचा डॉक्टर झालो. तपासून दिसेल तेवढंच खरं, असं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण... मला ते कळलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला कळलं तर जरूर सांगा, मला कमीपणा वाटणार नाही.

आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझी नेमणूक बुलढाण्यालाच होती आणि फिरतीसाठी लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी घेतली होती. गावाबाहेर आमचा लहानसा पानमळा, तो बा करायचा. घडलं ते मे महिन्यात, भर दुपारी. अंधारबिंधार काही नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

धाड गावात बैलांना बुळकांडीची साथ लागली होती. चार बैल गेले होते. बाकीचे वाचले तरच पेरणी, असा पाटलांचा निरोप होता. लस खामगावहून बर्फात घालून मोटारीनं यायची. सकाळची मोटार आली साडेअकराला! थर्मास उघडून पाहिला तर बर्फ निम्मा झालेला. ऊन उतरायची वाट पाहिली असती तर लसीचं नुसतं पाणी झालं असतं. तेव्हा निघणं भाग होतं.

पाणी प्यायला घरी थांबलो. बा ओसरीवर पानांची टोपली बांधत बसला होता. विड्याचं पान फार नाजूक, उन्हात बाजारापर्यंत नेताना करपून जातं. बा टोपलीला आधी ओलं धोतर गुंडाळायचा, त्यावर कोरडं गोणपाट आणि वरून गाठ. त्याची पानं कुठंही हिरवीगार पोचत.

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट, दोन बटणं उघडी, डोक्याला ओला रुमाल.

"असा उघडाच चालला काय रे डाक्टर?"

"वारा लागला की गार वाटतं, बा."

"हा काय वारा हाय? भट्टीची झळ हाय ते. पार सुकवून टाकीन तुले. आंग झाक. ओलं आत, कोरडं वरून. तुह्या त्या बाटलीलेबी तसंच बांध."

"उलटं आहे ते," मी म्हणालो. "ओलं बाहेर पाहिजे. बाष्पीभवन म्हणतात त्याला. शिकलोय मी."

"शिकला बाप्पा, लय शिकला," बा मायकडे पाहून म्हणाला. "पानाले काय लागते तेवढं मात्र नाही शिकवलं याले."

माय तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला.

"मी काय पान आहे?" म्हणालो आणि किक मारली.

वाटेतलं देऊळघाट येईपर्यंत रुमाल पापडासारखा कडक झाला. घाम दिसायच्या आतच वारा तो पिऊन टाकत होता. उघड्या हातांची कातडी चरचरत होती. पैनगंगेच्या पात्रात नुसते दगड. आणखी दोन-तीन मैल गेलो असेन, घाम यायचा थांबला. उन्हाचा झटका कसा येतो ते मला ठाऊक होतं... ठाऊक असून उपयोग काय! एका बाभळीखाली कशीबशी फटफटी उभी केली. थर्मासला हात लावला तर तवा. 'आता बैल जाणार' — एवढं मनात आल्याचं आठवतं. पुढचं काही नाही.

त्यानंतर आठवतं ते असं: मी फटफटीवर आहे, चालवतोय. समोर धाडची घरं. आणि डोकं, मान, छाती गार! पहाटे मळ्यात शिरल्यावर लागतो तसा ओला गारवा, तोच हिरव्या पानाचा वास. घड्याळात पाऊण तास जास्त गेलेला. तो कुठं गेला ते मला सांगता येत नाही.

चावडीपुढे पाटील उभे होते. "काय हो डाक्टरसाहेब," ते हसायला लागले, "पानाचं टोपलं होऊन आले काय?"

मी खाली पाहिलं. अंगाला, डोक्यापर्यंत, ओलं धोतर गुंडाळलेलं आणि वरून गोणपाट. थर्मासलाही तसंच.

"माझ्याबरोबर कोण होतं?"

"कोनी नाही. दुरून पाहून राह्यलो ना मी. एकटेच आले."

थर्मासचं बूच काढलं. आत सुपारीएवढा बर्फ तरंगत होता.

मी तसाच, बांधलेलाच, उन्हं कलेपर्यंत बैलांना लस टोचत होतो. सोडणार कसं? पाठीवरची गाठ चाचपली, ती सुटत नव्हती; उलटी मारलेली, टोक वर खोचलेलं. बाचा उजवा अंगठा मोटेच्या नाड्यात सापडून गेलेला. तेव्हापासून तो डाव्या हातानं, उलटी गाठ मारायचा आणि टोक वर खोचायचा. तशी गाठ मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. धोतराला मायनं लाल दोऱ्यानं लावलेलं ठिगळही होतं.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. बा ओसरीवर बसलेला. पुढ्यात टोपली, उघडी. सगळी पानं करपून काळी पडलेली.

मला पाहताच तो भडकला. "नेलं तं नेलं, सांगून काऊन नाही नेलं बे?"

"मी नाही नेलं. तूच बांधलंस ना हे?"

"म्या? ह्या गुडघ्यानं ओसरी उतरता येत नाही मले, अन् देऊळघाटाच्या पुढं येऊ?"

माय म्हणाली, "कुठीच गेले नाहीत ते. मी इथंच ज्वारी निवडत होती. तू गेला, अन् हे दोन घटका डोळे मिटून पडले. उठून पाह्यतो तं टोपलं उघडं. आमाले वाटलं, मी पान्याले उठली तेवढ्यात माघारी येऊन तूच घेऊन गेला."

बानं मला पाठमोरं केलं. गाठीवरून बोटं फिरवली.

"गाठ तं माहीच हाय," शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. त्यानं एक हिसका दिला, गाठ सुटली. धोतर पिळून पाहिलं. दोन थेंब पडले.

"गार राह्यलं होतं काय रे?"

"हाव बा," मी म्हणालो. मुंबईहून आल्यापासून मी त्याच्याशी शहरी बोलत होतो. त्या दिवशी 'हाव' आलं.

बानं त्यावर कधीच काही सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. मायनंच ते धोतर-गोणपाट सामानात घातलं असेल? ती शपथेवर नाही म्हणते. झटक्यात मीच माघारी येऊन गेलो असेन? मग गाठ कोणी मारली? आणि पाऊण तासात एवढी ये-जा कशी झाली? धाडचे बैल वाचले, एवढं पक्कं.

पुढं पंचवीस उन्हाळे फटफटी चालवली, दर वेळी ओलं आत, कोरडं वरून. ती गाठ मारून पाहतो, अजून जमत नाही. त्या दुपारचं काही म्हणता काही मला सांगता येत नाही. टोपलीतली पानं करपली, मी नाही करपलो... एवढंच.