दत्ताचं हिरवं इंजिन

दत्ता गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. सकाळी यमुनानगरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो आणि फोन वाजला. कुणीतरी लिहिलं होतं, 'बोरसेसाहेब गेले.' खाली दोघातिघांनी हात जोडले होते आणि त्याच्याखाली एकाने विचारलं होतं, 'नक्की का?' ते वाचून मी भर बाजारात हसलो, आणि मग स्वतःचाच राग आला... दत्तात्रय बोरसे, चाकणच्या आमच्या गाड्यांच्या कारखान्यातला क्वालिटीचा प्रमुख आणि उमेदवारीच्या दिवसांपासूनचा माझा मित्र. निगडीच्या स्मशानात गर्दी चांगली होती. वेल्ड शॉपमधला एक जुना ऑपरेटर, म्हाळुंग्याकडचा, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब खरंच गेलं का, म्हनलं सोता बघून यावं." त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. थोड्या वेळाने तोच माणूस नळाशी जाऊन रडताना दिसला. दत्ताबद्दल ज्याला त्याला असंच वाटायचं, मलाही.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. दत्तानेच तो मोडीत काढला असता. एखाद्याच्या निरोप समारंभात सगळे गोड बोलत असताना हा उठून त्या माणसाच्या हातून बिघडलेल्या कामांची उजळणी करायचा. कारखान्यात त्याची पद्धत अशी, की वेल्ड कच्चं निघालं तर तो पार्ट लाल रंगाच्या पेटीत जायचा आणि शिफ्ट सुटताना तो करणाऱ्याला पार्ट हातात घेऊन त्या पेटीशेजारी उभं राहावं लागायचं. येणारे-जाणारे बघायचे. काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मोठी माणसं तिथे खाली मान घालून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. मी त्याला खूपदा सांगितलं की बाबा रे, माणसं आहेत ती. तो म्हणायचा की त्या ब्रेकवर पाय ठेवणारीही माणसंच आहेत. आणि हेही खरं, की एकदा वरच्या साहेबांनी डोळे वटारले असताना त्याने अख्खी लाईन थांबवून ठेवली होती, कारण एका ब्रेकच्या पार्टमध्ये त्याला केसाएवढी चीर दिसली होती. बदली झाली असती तरी तो हलला नसता. त्याची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'ठीक आहे' हे दोन शब्द. ते ज्याला मिळायचे तो ऑपरेटर घरी बायकोला जाऊन सांगायचा.

कारखान्यात हे खपून जायचं. घरी केतकी होती... त्याची एकुलती एक मुलगी. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पुठ्ठ्याचा सिग्नल केला होता, खरे दिवे लागणारा. घरी पाहुणे बसलेले असताना दत्ताने तो मागवला, उलटा केला, आणि एकेक वायर हलक्या हाताने ओढून कुठली सुटते ते सगळ्यांना दाखवलं. तीन सुटल्या. पाहुण्यांनी चकल्या खाल्ल्या. पुढे ती ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनीअर झाली तेव्हा तो म्हणाला की हल्ली पेपर सोपे असतात. हिंजवडीच्या कंपनीत लागली, गाड्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोग्रॅम लिहायला लागली, तेव्हा म्हणाला की जे हातात धरून बघता येत नाही त्याला काम म्हणू नये. शोभावहिनी मध्ये काही बोलायच्या नाहीत. त्या त्याच्यासमोर पोळीसुद्धा दोन्ही बाजूंनी बघून वाढायच्या.

अशा या माणसाचा जीव एका खेळण्यात होता. तरुणपणी कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी जर्मनीला धाडलं होतं, तिथून तो एक मालगाडीचं हिरवं इंजिन घेऊन आला, वीतभर लांब. मागच्या खोलीत प्लायवूडवर रूळ टाकले, एक बोगदा केला, स्टेशनाला आपल्या धुळ्याकडच्या गावाचं नाव दिलं. त्या गावाला खरी रेल्वे कधीच गेली नाही. रविवारी तो ट्रान्सफॉर्मरचा खटका फिरवत बसायचा आणि त्या एक-दोन तासांत कुणाला काही बोलायचा नाही. केतकी दारातून बघायची. आत यायची परवानगी होती, हात लावायची नव्हती.

निवृत्तीनंतर त्याने ते इंजिन डिजिटल करायचं मनावर घेतलं. जुन्या पद्धतीत रुळांत जेवढी वीज सोडाल तेवढ्या वेगाने गाडी पळते. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चिप बसवतात. तिला डिकोडर म्हणतात. हातातल्या कंट्रोलरवरून दिलेला हुकूम तो डिकोडर ओळखतो आणि मोटरला तेवढीच वीज देतो, त्यामुळे इंजिन खऱ्यासारखं सावकाश सुटतं, सावकाश थांबतं. नव्या इंजिनात चिप नुसती खोचायची असते. या जुन्यात मात्र मोटरचा एक ब्रश, म्हणजे तिला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा, सरळ लोखंडी सांगाड्यालाच टेकलेला होता. तो आधी सांगाड्यापासून वेगळा करावा लागतो, नाहीतर रुळातली वीज मागच्या दाराने चिपमध्ये शिरते आणि चिप जळते. केतकीने डिकोडर मागवून दिला आणि फोनवर हे बजावून सांगितलं. पण दत्ताची हयात मोटारींत गेलेली. मोटारीत बॉडी हीच निगेटिव्ह. वायर आणून बॉडीला टेकवली की झालं. हे आम्हा चाकणच्या माणसांच्या इतकं अंगात मुरलंय की वेगळं काही असू शकतं हे डोक्यात शिरत नाही. "बॉडी निगेटिव्ह असते. हे मी आता तुझ्याकडून शिकू?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी समोरच होतो. त्याचे हात तेव्हा नुकते हलायला लागले होते. त्याने चिप जोडली, इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलर चालू केला. इंजिनातून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि खोलीत जळका वास पसरला. दत्ताने थोडा वेळ बघितलं आणि वहिनींना हाक मारून सांगितलं की तुझ्या मुलीने कुठली तरी स्वस्तातली पाठवली होती.

पुढे हात फारच हलायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाचा कप सांडायचा म्हणून तो आमच्यासमोर चहा घेईनासा झाला. हिरवं इंजिन तसंच पडून राहिलं, आणि मग एका शनिवारी केतकी वाकडच्या आपल्या घरून दुसरी चिप आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन आली आणि टेबल ओढून बसली. परवानगी मागितली नाही. तोही नाही म्हणाला नाही, खुर्ची तिच्या खांद्यामागे आणून भिंग घेऊन बसला. "हात गेलेत माझे, डोळे नाही गेलेत," एवढंच म्हणाला. त्यानंतर कितीतरी शनिवार हे चाललं. तिने सोल्डरचा टाका घालायचा, त्याने भिंगातून बघायचं आणि म्हणायचं, काढ. पुन्हा घालायचा, पुन्हा काढ. ब्रश वेगळा करताना तिने मध्ये इन्सुलेशनची पट्टी बसवली ती किंचित तिरकी कापलेली होती. त्याने काठीच्या टोकाने तिच्यासमोरचा ट्रे ढकलून दिला. तांदळाच्या कण्यांएवढे त्यातले इंजिनाचे स्क्रू पलंगाखाली विखुरले. ती फरशीवर पालथी होऊन फोनच्या उजेडात एकेक गोळा करत होती आणि हा वरून म्हणाला की वाकडला राहायला गेल्यापासून वाकायची सवय गेली वाटतं. मला त्याचा इतका संताप आला की मी चहा न घेता उठलो.

केतकी माझ्या मागोमाग खाली पार्किंगमध्ये आली. मी तिला म्हटलं की कशाला येतेस, स्वतःच्या घरी सुखात राहा. तर ती म्हणाली, "काका, तुमच्या वेल्डर लोकांना तरी बाबा 'ठीक आहे' म्हणायचे. मला एकदा ऐकायचंय. मग नाही येणार." आणि पुन्हा वर गेली.

इंजिन झालं त्या शनिवारी वहिनींनी आधीच शिरा करून ठेवला होता. केतकीने इंजिन रुळावर ठेवलं आणि कंट्रोलर बापाच्या हातात न देता स्वतःच फिरवला, कारण त्याच्या हातात तो राहिला नसता. आधी समोरचा दिवा हळूहळू लागला. मग इंजिन निघालं, इतकं सावकाश की चाक फिरतंय की नाही ते वाकून बघावं लागलं. बोगद्यात गेलं, बाहेर आलं, सांध्यावरून न अडखळता गेलं, त्या धुळ्याकडच्या स्टेशनात येऊन उभं राहिलं. जुन्या खटक्यावर ते असं कधीच चाललं नव्हतं. दत्ता रुळाला जवळजवळ कान लावून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं. लाडकं माणूस दारात आल्यावर होतो तसा चेहरा होता तो... केतकी हात मागे बांधून उभी होती. दत्ताने मान वर केली तोवर चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

"चिप चांगली आहे," तो म्हणाला. "तू काय केलंस यात?"

तिने सामान आवरलं, वहिनींना वाईट वाटू नये म्हणून दोन घास शिरा खाल्ला आणि गेली. त्यानंतर शनिवारी आली नाही. आली ती तो दवाखान्यात होता तेव्हा. छातीत न्यूमोनिया भरला होता आणि तोंडात नळी होती. ती रजा टाकून त्याच्या उशाशी बसून राहिली. तो तिच्याकडे टक लावून बघायचा. आता बोलायचं मनात आलं असतं तरी त्याला बोलता येणार नव्हतं. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही, पण हे ज्याने कुणी जमवून आणलं त्याला दत्ताची पद्धत चांगली ठाऊक असावी. तो गेला तेव्हा ती खाली औषधं आणायला गेली होती.

महिन्याच्या दिवशी मी जेवायला गेलो होतो. पानं उठल्यावर केतकी म्हणाली की आईसाठी गाडी एकदा चालवते. आम्ही मागच्या खोलीत गेलो. कंट्रोलर लागला, पण इंजिन हललं नाही, दिवाही लागला नाही. तिने रूळ पुसले, जोडण्या तपासल्या, मग टेबलाशी बसून इंजिनाचं हिरवं कवच काढलं आणि तशीच बसून राहिली. मी वाकून बघितलं. तिची चिप नव्हती. तिच्या वायरी मुळाशी कापलेल्या होत्या. ब्रश पुन्हा सांगाड्याला चिकटवायचा प्रयत्न केलेला होता, सोल्डरचे हे एवढाले गोळे, प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं... असं काम हात न थांबणाऱ्या माणसाचंच असतं. माझा तोल गेला. ज्याच्या नावाने आत्ताच जेवलो त्याला मी त्याच्याच घरात नको ते बोललो. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तोडलंस, मरायला टेकल्यावरही तेच केलंस, असं काहीबाही.

वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. केतकी यायची थांबल्यावर तो रोज इंजिन उघडायला लावायचा. त्याला धरता येत नसे म्हणून वहिनी ते हातात धरून बसायच्या आणि तो भिंगातून एकेक टाका बघायचा. दुपारभर बघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आणि एक दिवस त्याने कटर मागितला.

"मी म्हटलं, अहो, काय चुकलंय त्यात?" वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, काहीच चुकलेलं नाही, शोभा. शोधून दमलो. मग म्हणाले, धर नीट."

 मग केतकीने आईकडे न बघता विचारलं, "आणि तू धरलंस?"

"ते कसे होते, तुला माहीत आहे ना," वहिनी म्हणाल्या. सांगू नकोस असंही तो म्हणाला होता, म्हणून त्यांनी ते सांगितलं नव्हतं. चिप त्याने कचऱ्यात टाकायला लावली होती.

परवा मी वाकडला केतकीकडे गेलो होतो. घरून काम करते ती, खिडकीशी टेबल आहे. टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी इंजिन ठेवलेलं होतं, कवच काढलेलं, सोल्डरचे गोळे आणि कापलेल्या वायरी समोरून दिसतील असं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विद्रूपच दिसत असणार. मला तर ते बघवेना. मी म्हटलं की नवी चिप मी मागवतो, तुला अर्धा तास लागेल, बापाची आठवण चालती तरी राहील. तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "मला एवढंच मिळालंय."