खबरदार काका आणि चोरीला गेलेलं मशीन

जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी घाबरण्याची नोकरी धरली. सकाळी चहाबरोबर दरोडे, जेवणानंतर खून, दुपारभर फोनवर टोळ्यांचे व्हिडिओ. इमारतीतले लोक त्यांना मागून 'खबरदार' म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या घरातून गेली ती एक छत्री, तीही मेव्हण्याने नेलेली. तरी सगळं संकट समोरच्या पत्र्याच्या वस्तीतूनच येणार, याची त्यांना खात्री होती.

त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी बाई त्याच वस्तीतली. एका सोमवारी ती उशिरा आली आणि दारातच मटकन बसली.

"काकू, शिलाई मशीन गेलं माझं. पत्रा उचकटून नेलं."

काकूंनी पाणी दिलं. काकांचा चेहरा मात्र उजळला. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

"चौकीत गेली होतीस?" काकूंनी विचारलं.

"गेले ना. हवालदार म्हणाले, वस्तीत असं चालायचंच. अर्ज लिहून आणा, मग बघू."

संध्याकाळी काकांनी इमारतीची बैठक बोलावली. चोरी आता दारात आलीये, असं ते तावातावाने बोलले. ठराव झाला : वस्तीतून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी फाटकावर तपासायची.

दुसऱ्या दिवशी पहिली पिशवी बाईचीच निघाली. आत डबा, टॉवेल आणि शेजारणीच्या मुलीकडून लिहून घेतलेला तक्रारअर्ज. काकांनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या.

बाई वर आली. "काकू, उद्यापासून मी यायची नाही."

"चोराच्या मनात चांदणं," काका पुटपुटले.

"चोरी तिच्या घरी, झोप उडाली तुमची, आणि झडती पुन्हा तिचीच!" काकू कडाडल्या. त्यांनी चपला घातल्या आणि बाईबरोबर चौकी गाठली. काकूंचे इस्त्रीचे कपडे पाहून हवालदार उठून उभा राहिला. "बसा ना, मॅडम," तो काकूंना म्हणाला. दहा मिनिटांत तक्रार नोंदली गेली.

मशीन काही सापडलं नाही. बाईने मागच्या गल्लीत दोन घरं धरली. तिथे अजून पिशव्या बघत नाहीत. इकडे भांडी आता काका घासतात. अनोळखी बाई घरात घ्यायला तेच तयार नाहीत, आणि काकूंनी तर हात वर केलेत.