लिमये बाईंना नको असलेलं अन्डू बटण

आज सकाळी लिमये बाई गेल्या, आणि मला रडू यायच्या आधी अन्डू बटण आठवलं.

बाई आमच्या रत्नागिरीच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर बुद्धिबळ.
मी दोन्हीकडे त्यांची विद्यार्थिनी. गणितात जेमतेम.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कॉम्प्युटर डिप्लोमाचं प्रोजेक्ट म्हणून मी बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर केलं. थ्रीडी मोहरे, संगमरवरी पट, प्रत्येक मोहऱ्याला सावली.
कौतुक करून घ्यायला बाईंना कॉम्प्युटर क्लासमध्ये बोलावलं. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या, घरी पोरांना बुद्धिबळ शिकवायच्या.

"घोड्याला सावली कशाला गो? त्याला ऊन लागतंय?"

रंग बदल म्हणाल्या. पट सरळ वरून दिसू दे म्हणाल्या. आणि चाल मागे घ्यायचं ते अन्डू बटण काढ म्हणाल्या.
"ज्या मोहऱ्याला शिवलं तोच चालवायचा. कॉम्प्युटर असला म्हणून काय झालं?"

मी फुरंगटले. अन्डू तेवढं काढलं, बाकी तसंच ठेवलं.

पुढच्या शनिवारी बाई डाव जिंकत आल्या होत्या. फक्त प्यादं पुढे सरकवायचं होतं.
क्लिक झालं ते शेजारच्या उंटावर.

 बाईंनी नियमाप्रमाणे उंटच चालवला. डाव गेला.

"बाई, चुकून झालं ना? मी मागे घेते."
"नको."

चष्मा पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लाकडी पटावर हाताला कळतं गो. इथे मेलं सगळं सारखंच दिसतंय. डोळ्यांचं कुणाला बोलू नको हां. पोरं शिकायला यायची बंद होतील."

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्या आठवड्यात सावल्या, संगमरवर, सगळं पुसून टाकलं. सपाट, ठसठशीत मोहरे, जाड काळ्या कडेचे. घरं फिकट पिवळी आणि जांभ्याच्या चिऱ्यासारखी लाल.
आणि माउस नुसता मोहऱ्यावर नेला की खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव यायचं. क्लिक करायच्या आधी.

"शिवायच्या आधी नाव विचारलं तर चालतं ना, बाई?"
बाई हसल्या. "त्याला नियमाची हरकत नाही."

सलग तीन डाव जिंकल्या. तो पट मी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरही बसवून दिला. पोरं येत राहिली, बाई शेवटपर्यंत शिकवत राहिल्या.
डोळ्यांचं आज पहिल्यांदा सांगतेय बाई, रागावू नका.

आता अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करणं हेच माझं काम आहे. कुठे सावली घालायची झाली की आधी विचारते, याला ऊन लागतंय का?

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला होता. "एक नवी मुलगी येते. तिलाही कमी दिसतं. तुझ्या त्या लाल-पिवळ्या पटावर हरवलंन गो मला!"
हरल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

डाव संपला की बाई एकच वाक्य बोलायच्या, "चला, परत मांडा."

बाई, रविवारी मी भाट्याला तुमच्या घरी येतेय. त्या मुलीसमोर बसणार आहे.
तुम्हाला मनापासून नमस्कार.

परत मांडतो आम्ही.